नजरेसमोरचा तराफा

२० ऑक्टोबर २००२, रविवार

आमच्या महिला गटाचा तराफा आज एकदाचा पाण्यात पडला. ही वही काढलीय ती एवढ्यासाठीच, की कोण कधी काय बोललं ते उद्या विसरायला नको. गटाची सचिव मी. काही गडबड झाली तर सगळ्या माझ्याकडेच बोट दाखवतील. मी हायस्कूलात विज्ञान शिकवते म्हणून मला सचिव केलं असं म्हणतात, पण खरं कारण मला ठाऊक आहे. मी आप्पांची सून आहे. माझे सासरे गावचे मानकरी. ते नुसते खाकरले तरी बैठक गप्प होते.

काम तसं सोपं. खडकावरची शिणाण्यांची पिल्लं, म्हणजे त्या काळपट हिरव्या लांबट शिंपल्या, खरवडून आणायच्या, दोराभोवती जाळीच्या कापडात शिवायच्या आणि दोर तराफ्याखाली खाडीत टांगून ठेवायचे. कापड कुजतं तोवर शिंपले दोराला चिकटतात. मग पाऊस लागायच्या आधी मोठे झालेले काढायचे. मत्स्य खात्याचा एक पोरगेला साहेब शिकवून गेला. पाणी खोल हवं, सुकतीला, म्हणजे ओहोटीलासुद्धा, दोराचं टोक तळाला टेकता कामा नये, असं दोनदोनदा सांगत होता. मला वाटतं त्याला पाठ करून पाठवलं असावं.

शिवण्यात सगळ्यांत झटपट हात जाईबाईचा. ही बौद्धवाडीतली. जन्मभर खडकावरची कालवं फोडून बाजारात विकत आलीय, हाताची बोटं बघवत नाहीत. मला म्हणाली, "बाई, ह्ये जमलं तर माजी बोटं सुटली बगा." इतकं गोड बोलली की मला जरा शंकाच आली. आणि तराफा बांधलाय तो नेमका बौद्धवाडीसमोरच्या खोल पाण्यात. जागा साहेबाने निवडली म्हणे. कोणाच्या सांगण्यावरून, ते बघायला हवं.

७ नोव्हेंबर

आज होडीने तराफ्यावर गेलो होतो. कडेचा एक दोर उचलला तर हलका लागला. हौसा म्हणाली, "असंच असतंय बाई, थोडे गळून जातात." हौसा आमच्या शेजारची, खारवीण, तिला पाण्यातलं कळतं हे मान्य. पण ती कोणालाच कधी वाईट म्हणत नाही, त्यामुळे तिचं काय धरायचं!

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आधी उचलून बघितला होतास का?"

"नाही."

"मग हलका कशावरून?"

माझ्या हाताला कळतं, म्हटलं. नवऱ्याने बायकोच्या बाजूने बोलायचं असतं, एवढी साधी गोष्ट या माणसाला लग्नाला इतकी वर्षं होऊन कळलेली नाही.

सकाळी बाजारात जाईबाई बसली होती. पाटीत कालवं होती, मी वाकून बघितलं. वर तरी कालवंच होती. खाली काय होतं देव जाणे.

१६ नोव्हेंबर

तराफा हलवला! आप्पांच्या कानावर मीच घातलं, की एवढ्या बायकांची मेहनत परक्या वाडीसमोर टांगून ठेवायची ती कोणाच्या भरवशावर? आप्पांना पटलं. त्यांनी गडी लावून तराफा ओढून आमच्या बागेखालच्या धक्क्याजवळ आणून बांधला. आता पडवीत बसून चहा पिता पिता सगळे दोर दिसतात.

जाईबाईचं तोंड उतरलं. म्हणाली, "हितं कशाला आणलासा? आमाला लांब पडतंय." लांब पडतंय म्हणे! कशाला लांब पडतंय ते मला विचारा.

धक्क्याजवळ पाणी बेताचंच आहे. सुकती झाली की दोरांची टोकं चिखलात लोळतात, पण लोळेनात. नजरेसमोर आहेत हे महत्त्वाचं. आज शांत झोप लागेल.

२ डिसेंबर

नववीला आज 'अपृष्ठवंशीय प्राणी' सुरू केलं. शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्ध्या वर्गाच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणून शब्दकोश आणवला आणि एका मुलीला मोठ्याने वाचायला लावलं. पाठीचा कणा नसलेला प्राणी, हा पहिला अर्थ. दुसरा, लाक्षणिक अर्थाने, दुबळ्या मनाचा, ठाम उभा न राहणारा. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न, "बाई, माणसंपण असतात काय अशी?"

"असतात तर! शाळेबाहेर पडलास की ढिगाने भेटतील."

वर्ग हसला. मला खरं तर आमच्या घरचा नमुना आठवत होता. आप्पांनी काही म्हटलं की हे मान खाली घालून सुपारी कातरत बसतात. कधी एक शब्द म्हणून उलट नाही.

आणखी एकीने विचारलं, कणाच नाही तर शिंपला जगतो कसा? म्हटलं, त्याला कवच असतं, कोणी जवळ आलं की घट्ट मिटून घ्यायचं, गेलं की उघडायचं. तेवढ्यावर त्याचं निभतं. गोगलगाईच्या जिभेवर कानशीसारखे दात असतात, काही जाती त्याने दुसऱ्याचं कवच खरवडतात, तेही सांगितलं. ते परीक्षेत येत नाही, म्हणून घाईतच उरकलं.

८ डिसेंबर, रविवार

माझा संशय खोटा नव्हता! आज दोर उचलला आणि बघते तर काय! खालच्या अंगाला शिंपलेच शिंपले मेलेले, उघडे पडलेले, आत काही नाही. आणि प्रत्येकाला एक बारीक भोक. गोल, स्वच्छ, जसं काही तापवलेल्या दाभणाने पाडलंय. चिमा थुंकली आणि मागे सरकली. चिमा म्हणजे आमच्या गटातली सगळ्यांत भित्री. म्हणाली, "ह्ये साधंसुधं नाय हां बाई. ही टोचणी हाय."

टोचणीबिचणी, जादूटोणा मी मानत नाही, मी विज्ञान शिकवते. पण कोणीतरी हे केलंय एवढं नक्की. भोक काही आपोआप पडत नाही.

जाईबाई त्यांच्या वाडीबरोबर सहा डिसेंबरसाठी मुंबईला गेलीय, अजून यायची आहे. म्हणजे ती इथे नव्हतीच, असं हे म्हणाले. अहो, जायच्या आधी करून गेली असेल! नसताना झालं असं दाखवायला यापेक्षा चांगली वेळ कोणती?

१३ जानेवारी २००३

गावभर झालं. चिमाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता आप्पांपर्यंत पोचलं. त्यांनी ते टोचलेले शिंपले हातात घेऊन उन्हात धरले आणि एकच शब्द म्हणाले. "करणी." मी म्हणायला गेले, आप्पा, तसं काही नसतं. म्हणजे म्हणणार होते. तेवढ्यात त्यांना ठसका आला, मी पाणी आणायला उठले आणि ते राहिलं.

जाईबाई दुपारी शाळेत आली. आत येईना, गेटापाशीच उभी. "बाई, माझ्या पाटीवरची कालवं काल कोणी घेतली नाय. समदी नासली. चिमा लोकांना सांगत फिरतेय, हिच्या हातचं खाऊ नका. हा डाग एकदा लागला ना, तर गावात ऱ्हायची सोय नाय. तुमी शिकलेल्या. तुमी एक सबूद बोललात तर लोक ऐकतील."

मी म्हटलं, बघते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे खरं. पण रडणं येतं लोकांना, मी बघितलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मी स्वतःच पहारा करायचा ठरवला. सुकतीची वेळ धरून धक्क्याखालच्या कांदळवनात जाऊन बसले, डोक्यावर छत्री, पायांत ह्यांच्या जुन्या चपला. म्हटलं, येऊ दे कोण येतंय ते, रंगेहाथ पकडते. कोणी आलं नाही. चिलटांनी फोडून काढलं. उठायला गेले तर एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला आणि मी भसकन दोरांच्या पुढ्यातच बसले.

आणि मग दिसलं.

चिखलात लोळणाऱ्या प्रत्येक टोकावर गोगलगायी. बोटाच्या पेराएवढ्या, करड्या शंखातल्या, ओळीने वर चढलेल्या. एक ओढून काढली. घट्ट चिकटली होती. खालच्या शिंपल्याला भोक. दुसरी काढली. तिच्या खाली अर्धवट पडलेलं भोक.

वरच्या अंगाचे, चिखलापासून लांबचे शिंपले धडधाकट आहेत. मी किती वेळ चिखलात बसून होते कोण जाणे. एक गोगलगाय रुमालात बांधून आणली.

१८ फेब्रुवारी

शाळेत भिंगाखाली बघितली, वाचूनही बघितलं. शंकाच नाही. चिखलातून चढतात, कवच खरवडतात आणि आतलं मऊ तेवढं खातात. दोर खोल पाण्यात अधांतरी असते तर यांना चढायला वाटच मिळाली नसती.

ह्यांना दाखवली. ह्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे आपणच केलं."

"आपण म्हणजे कोण?"

"तराफा इथे आपण आणला, लीला."

मी केवढ्याने ओरडले! चोरीचा संशय होता म्हणून आणला, कोणी वागणूक सरळ ठेवली असती तर आणला असता का? हे ऐकून घेतात, पण आज म्हणाले, "आप्पांना आत्ताच सांगूया. चल." आप्पांसमोर जायला हे आपणहून उठले, हे नवीनच. मीच थांबवलं. आप्पांचं रक्त हल्ली वर चढलेलं असतं. शिवाय त्यांनी करणी म्हणून चारचौघांत सांगून टाकलंय, आता सुनेने उठून ते खोटं पाडायचं? वेळ बघून, शांतपणे, चार माणसांत सांगायला हवं. मी सांगणार आहेच. भीती वाटते म्हणून नाही, पद्धत म्हणून थांबलेय.

९ मार्च, रविवार

आज देवळात कौल लावला. शिमग्याची पालखी बाहेर पडायच्या आधी गाव निर्मळ व्हायला हवं, असं आप्पांचं म्हणणं. रामा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलांचे कळे लावले आणि आप्पांनी गाऱ्हाणं घातलं. विचारलं ते असं, की हा त्रास बाहेरून आलेला असेल तर डावा दे, आपल्याच गटातून असेल तर उजवा दे. उजवा कळा पडला.

देवीने नाव कोणाचंच घेतलं नाही. पण चिमाने हौसाकडे बघितलं, हौसाने खाली बघितलं, आणि सगळ्यांना कळलं. माझ्या मनात मात्र एक वेडा विचार आला. गटातून, हे उत्तर तसं चुकलेलं नाहीच. लगेच झटकून टाकला.

मग अंगणवाडीत बैठक. जाईबाईला बोलावणं गेलं होतं. ती नीट नेसून आली होती. आप्पांनी निवाडा सांगितला, तिने यापुढे तराफ्याला हात लावायचा नाही, गटात यायचं नाही. ती म्हणाली, "मी काय केलंय त्ये कोणी बगितलंय? समोर येऊन सांगा." ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पिशवीत डबी होती, डबीत ती गोगलगाय. मी बोलणारच होते, अगदी उठायच्या बेतात होते, एवढ्यात दारातून हे म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आप्पा, लीलाला काहीतरी सांगायचंय."

बायकांच्या बैठकीत यांना कोणी बोलावलं होतं! आप्पांनी मान वळवली. "काय गं सूनबाई?"

सगळ्या बघायला लागल्या. असं चारचौघांत एकाएकी पुढे ढकललं की माणसाला सुचतं का काही?

मी म्हटलं, "नाही, काही नाही. कौलापुढे मी काय बोलणार."

जाईबाई उठली आणि गेली. दाराशी ह्यांनी तिला वाट दिली. घरी आल्यावर मी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या पद्धतीने मी सांगितलंच असतं, तुम्ही घाई करून सगळं नासवलंत. हे ऐकत होते, पण आज सुपारीला हात लावला नाही. ते मला काही आवडलं नाही.

१४ मार्च

रात्रंदिवस तेच डोक्यात. मग युक्ती सुचली. आप्पांना म्हटलं, पालखीबरोबर पलीकडच्या वाडीतले लोक होड्यांनी येणार, धक्का मोकळा हवा, तराफा परत खोल पाण्यात नेला तर? आप्पा म्हणाले, शहाणी आहेस. आजच ओढून नेला. नेण्याआधी हौसाकडून दोर खालपर्यंत झाडून घेतले. गोगलगायी पडत होत्या त्या तिला दिसल्या, पण ती काही बोलली नाही आणि मीही नाही.

आता भोकं थांबतील. थांबली की लोकांना आपोआप कळेल, जाईबाईचा यात हात नव्हता. कोणाला न दुखवता सगळं सरळ होईल. इतके दिवसांनी मनावरचं ओझं उतरलं.

२० एप्रिल

भोकं थांबली. एकही नवा शिंपला टोचलेला नाही. उरलेले चांगले पोसलेत.

आप्पांनी पडवीत चारजणांसमोर सांगितलं, "बघितलंत? तिला काढली आणि पीडा गेली. कौल खोटा जात नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे तिथेच ठेवून आत आले. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आता तर लोकांना पुरावाच मिळाला. पूर्वी नुसता संशय होता, आता सगळे खात्रीने बोलतात. हौसा सांगत होती, जाईबाईच्या पाटीपाशी आता कुत्रंही थांबत नाही. ती वाटूळला बहिणीकडे जाऊन राहायचं म्हणतेय. तिच्या नवऱ्याला, धोंडूला, इथली होडी सोडवत नाही, त्यावरून घरात भांडणं.

आता मी बोलले तर लोक विचारतील, बाई, तुम्हांला हे कधीपासून माहीत होतं? काय सांगू? आता तर बोलायची सोयच राहिली नाही.

११ मे, रविवार

आज काढणी झाली. शिंपल्यांच्या राशी धक्क्यावर पडल्या, गावातून बघायला माणसं आली. आप्पांनी सगळ्यांसमोर मला नारळ दिला, सून असावी तर अशी म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं.

दुपारी मी जाईबाईच्या वाट्याची बादली भरली. गटाने दिली नव्हती, माझ्या वाट्यातली काढली. पदराखाली झाकून बौद्धवाडीत गेले. घरासमोर बोचकी बांधून ठेवलेली. ती दारात भांडी घासत होती. मी बादली खाली ठेवली, म्हटलं, "दोर तुम्ही शिवले होते, म्हणून."

तिने आत डोकावून बघितलं. "येवडंच?"

तिने एक शिंपला उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि परत टाकला. मग हात पदराला पुसत म्हणाली, "आमी उद्या जातोय. धोंडू होडी इकून आला. जाताना एकच मागणं हाय बाई. ती गोगलगाय मला दाखवा. जिच्यापायी माजं घर उठलं ती कशी दिसते, एवडं तरी बगू दे."

मी म्हटलं, "कुठली गोगलगाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. वर्गात न आलेलं उत्तर ठोकून देणाऱ्या मुलाकडे मी बघते ना, तसं. मग तिने बादली उचलली, आत नेऊन रिकामी केली, विसळून माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

येताना वाटभर तोच विचार. गोगलगाय! हिला कोणी सांगितलं? हौसाने नुसत्या बघितल्या, त्या काय करतात ते तिला माहीत नाही. डबी माझ्या कपाटात, कुलपात. मी जगात एकाच माणसाला दाखवली होती.

ह्यांना विचारलं, तुम्ही बौद्धवाडीत कधी गेला होतात? म्हणाले, "गेलो होतो. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी. तिच्या पाया पडून आलो." एवढं बोलून सुपारी कातरायला लागले. मान मात्र खाली नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होते.

माझ्या पाठीमागे! घरातलं माणूस असं उलटतं, मग बाहेरच्यांचं काय धरायचं? आता ह्यांनी आप्पांनाही सांगितलं तर? आणखी कोणाकोणाला सांगितलंय कोण जाणे. उद्यापासून ह्यांच्यावर जरा लक्ष ठेवायला हवं.